‘द थीफ ऑफ बगदाद’मधला भारतीय राजपुत्र: नोबल जॉन्सन यांच्या कारकिर्दीविषयी

कृष्णधवल

नमस्कार. डग्लस फेअरबँक्स यांचा १९२४ सालचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ आणि १९३३ सालचा ‘किंग काँग’ हे दोन चित्रपट नुकतेच लागोपाठ पाहिले. पहिल्यात बगदादच्या शहजादीला मागणी घालायला जे तीन राजपुत्र येतात, त्यांतला एक भारताचा आहे. दुसऱ्यात काँगच्या बेटावर भिंतीच्या अलीकडे राहणाऱ्या टोळीचा प्रमुख आहे. दोन्ही भूमिकांपुढे नोबल जॉन्सन हे एकच नाव आहे, हे श्रेयनामावली पाहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आले नसते. मग जरा शोध घेतला, तेव्हा ‘द मोस्ट डेंजरस गेम’ (१९३२) मधला दाढीवाला रशियन कोसॅक नोकर आणि ‘द ममी’ (१९३२) मधला नुबियन (इजिप्तच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातला) सेवक हेही तेच असल्याचे दिसले.

एकच माणूस भारतीय, रशियन, नुबियन आणि बेटावरचा आदिवासी अशा भूमिकांत सहज खपून जातो आणि त्याचे नाव मात्र कोणाच्या तोंडी नसते, याचे मला फार नवल वाटते. हे गृहस्थ मुळात कोण होते, त्यांना इतक्या वेगवेगळ्या वंशांच्या भूमिका कशा मिळत गेल्या, आणि नायक म्हणून त्यांना कधी पडद्यावर येता आले का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. नुसती चित्रपटांची यादी नको आहे. ती कुठेही मिळते.

जुनी प्रत

प्रश्न चांगला आहे आणि त्यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याकडे येण्यापूर्वी पार्श्वभूमी सांगतो.

नोबल जॉन्सन हे आफ्रिकन अमेरिकन होते. त्यांचा जन्म १८८१ साली मिझुरी राज्यातल्या मार्शल या गावी झाला आणि ते वाढले कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे. ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ म्हणून पुढे नावाजले गेलेले लॉन चेनी त्याच गावचे, आणि दोघांची ओळख शाळेपासूनची असल्याचे सांगतात. जॉन्सन यांचे वडील घोड्यांना शिकवून तयार करण्याचे काम करत. ते काम मुलाच्याही अंगात मुरले होते, आणि तरुणपणाची बरीच वर्षे त्यांनी घोड्यांच्या आणि गुरांच्या कामांत घालवली. सहा फुटांवर उंची, रुंद छाती आणि घोड्यावरची पक्की मांड, एवढ्या भांडवलावर ते चित्रपटांत आले. १९१४च्या सुमारास फिलाडेल्फियाची ल्युबिन कंपनी कोलोरॅडोत चित्रीकरणासाठी आलेली असताना तिच्या एका नटाला दुखापत झाली. त्याच्या जागी घोडेस्वारी येणारा धिप्पाड माणूस हवा होता, तो जॉन्सन यांच्या रूपाने मिळाला. भूमिका होती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाची. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते दुसऱ्याच कोणाच्या तरी वेषात कॅमेऱ्यापुढे उभे राहिले.

तिथून ते कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल कंपनीकडे आले आणि तिच्या मालिकापटांत त्यांचे बस्तान बसले. आठवड्याला एक भाग याप्रमाणे दाखवल्या जाणाऱ्या या साहसपटांत एडी पोलो यांच्यासारखे नायक कड्यांवरून उड्या मारत आणि जॉन्सन कधी त्यांचे शत्रू, कधी सोबती होत. १९२०च्या दशकात त्यांची मागणी एवढी वाढली की त्या काळातल्या बहुतेक भव्य चित्रपटांत ते कुठे ना कुठे सापडतात. ‘द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स’ (१९२१) मधल्या चार घोडेस्वारांपैकी ‘विजय’ हा स्वार त्यांनी रंगवला. १९२२ साली रॉबिन्सन क्रूसोवर आलेल्या मालिकापटात ते क्रूसोचा बेटावरचा साथीदार फ्रायडे झाले, सेसिल डिमिल यांच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) मध्ये मेरी मॅग्डालीनचा झेब्रे जुंपलेला रथ त्यांनी हाकला, आणि ‘मोबी डिक’ (१९३०) मध्ये जॉन बॅरीमोर यांच्यासमोर क्वीक्वेग हा भालाईत उभा केला.

‘बगदाद’मधला त्यांचा राजपुत्र पुन्हा एकदा निवांत पाहा. अंगभर रेशीम आणि रत्ने असूनही ते हात फारसे हलवत नाहीत. भुवया किंचित आवळून समोरच्याकडे खालच्या पातळीवरून पाहिल्यासारखे पाहतात. मूकपटांतले पुष्कळ नट ज्या काळात हातवारे करून थकत असत, त्या काळात हा माणूस केवळ स्थिर उभा राहून भीती उत्पन्न करत होता. कंदहारजवळच्या भव्य मूर्तीच्या डोळ्यातला स्फटिक मिळवण्यासाठी हा राजपुत्र स्वतः चढत नाही, आपल्या माणसाला चढवतो, आणि त्या माणसाचे काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तो निर्दयपणा जॉन्सन यांनी चेहऱ्याची एक रेषाही न बदलता दाखवला आहे.

बोलपट आल्यावर मात्र एक गोष्ट घडली, ती मला सलते. त्यांना मिळालेल्या भूमिका बहुतांशी मुक्या, अथवा काल्पनिक भाषेत बोलणाऱ्या होत्या. ‘द मोस्ट डेंजरस गेम’मधला इव्हान मुका आहे. काउंट झारोफ आपल्या पाहुण्यासमोर त्याला हसायला सांगतो, आणि तो ओठ ताणून जे काही करतो ते पाहून अंगावर काटा येतो. ‘द ममी’मधला सेवक हुकूम पाळतो, बोलत नाही. ‘द घोस्ट ब्रेकर्स’ (१९४०) मध्ये तर ते चालते प्रेत झाले आहेत. ‘किंग काँग’मधला टोळीप्रमुख पुष्कळ बोलतो, पण ते आपल्याला कळते जहाजाच्या कप्तानाने केलेल्या भाषांतरातून. सोनेरी केसांच्या नायिकेवर नजर पडताच तो समारंभ थांबवतो, पुढे येतो आणि तिच्या बदल्यात आपल्या सहा स्त्रिया देऊ करतो. या सबंध प्रसंगाला जो दरारा आहे, तो जॉन्सन यांच्या चालण्यातून आणि आवाजातून आलेला आहे, शब्दांतून नव्हे.

१९५०च्या सुमारास त्यांनी काम थांबवले आणि १९७८ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातच त्यांचे निधन झाले. चित्रपटांची संख्या दीडशेच्या घरात जाते. ते नायक होते का, याचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्याविषयी ‘पडद्यामागे’ यांनी लिहावे अशी विनंती करतो, कारण त्या विषयात त्यांचे वाचन माझ्याहून अधिक आहे.

पडद्यामागे

‘जुनी प्रत’ यांनी विषय माझ्याकडे सोपवला, त्याबद्दल आभार. जॉन्सन यांच्या कारकिर्दीतला हा भाग अवघ्या दोन वर्षांचा आहे. पण माझ्या मते उरलेली सारी वर्षे त्याच्या प्रकाशात वाचायला हवीत.

१९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात कृष्णवर्णीयांची महत्त्वाची पात्रे गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केली होती, आणि ती पात्रे एक तर गुलामीत सुख मानणारी अथवा हिंस्र अशी होती. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी ठिकठिकाणी या चित्रपटाला विरोध केला. पण विरोधाने पडदा भरत नाही. त्यावर दाखवायला दुसरे काही तरी लागते. १९१६ साली नोबल जॉन्सन, त्यांचे धाकटे बंधू जॉर्ज, औषधविक्रेते डॉ. जेम्स स्मिथ, नट क्लॅरेन्स ब्रूक्स आणि आणखी काही मंडळींनी मिळून लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या सुरुवातीच्या चित्रपट कंपन्यांत तिचे स्थान फार वरचे आहे. कॅमेरा हॅरी गँट या गोऱ्या छायाचित्रकाराकडे होता. नोबल हे कंपनीचे अध्यक्षही होते आणि नायकही, आणि युनिव्हर्सलमध्ये मिळणारा मेहनताना ते या कंपनीत ओतत होते.

पहिला चित्रपट दोन रिळांचा होता, ‘द रिअलायझेशन ऑफ अ नीग्रोज अँबिशन’ (१९१६). टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत अभियांत्रिकी शिकलेला एक तरुण वडिलांचे शेत सोडून कॅलिफोर्नियाच्या तेलक्षेत्रांत नोकरी शोधायला जातो. वर्णामुळे त्याला नकार मिळतो. पुढे उधळलेल्या घोड्यांच्या गाडीतून तो तेलमालकाच्या मुलीला वाचवतो, त्यामुळे त्याला काम मिळते, आणि तेल असलेल्या जमिनीची लक्षणे अभ्यासताना त्याच्या ध्यानात येते की आपल्या वडिलांच्या शेतातली जमीनही अगदी अशीच आहे. तो घरी परततो आणि स्वतःच्या शेतात तेल काढतो. आज ही कथा साधी वाटेल. पण या कथेत कृष्णवर्णीय तरुण शिकलेला आहे, तो आपल्या विद्येच्या बळावर श्रीमंत होतो आणि आपल्याच गावातल्या मुलीशी संसार मांडतो. त्या काळच्या अमेरिकी पडद्यावर असे पात्र जवळजवळ नव्हतेच. दुसरा चित्रपट ‘अ ट्रूपर ऑफ ट्रूप के’ हा १९१६ साली मेक्सिकोतल्या कारिझाल येथे झालेल्या चकमकीवर होता, जिच्यात दहाव्या घोडदळाचे कृष्णवर्णीय सैनिक लढले होते. तिसरा ‘द लॉ ऑफ नेचर’ (१९१७). तिन्हींचे नायक नोबल जॉन्सन.

वितरण हीच या कंपनीची खरी कसोटी होती. जॉर्ज जॉन्सन नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा येथे टपाल खात्यात नोकरीला होते आणि ती नोकरी न सोडता, पत्रव्यवहारावर, चित्रपट कुठे आणि कधी लागायचा याची देशभरातली नोंदणी ते सांभाळत. प्रती मोजक्याच होत्या. त्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली चित्रपटगृहे, चर्च आणि शाळा अशा फिरत असत. तरीही नोबल जॉन्सन यांचे नाव एवढे गाजले की अडचण तिथूनच उभी राहिली. जॉर्ज यांनी उतारवयात ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणींत सांगितले आहे की, युनिव्हर्सलचा मालिकापट एका चित्रपटगृहात आणि लिंकनचा चित्रपट जवळच्याच दुसऱ्या चित्रपटगृहात लागला, की कृष्णवर्णीय प्रेक्षक लिंकनच्या चित्रपटाला गर्दी करत, कारण तिथे तेच जॉन्सन नायक म्हणून दिसत. युनिव्हर्सलकडे तक्रारी गेल्या. कंपनीने त्यांना लिंकन सोडायला सांगितले आणि त्यांचे नाव व चित्र लिंकनने जाहिरातीत वापरू नये, अशीही अट घातली. १९१८ साली ते बाहेर पडले.

लिंकन कंपनी त्यानंतर क्लॅरेन्स ब्रूक्स यांना नायक करून चालू राहिली. ‘बाय राइट ऑफ बर्थ’ (१९२१) हा तिचा शेवटचा चित्रपट, आणि त्यानंतर दोनेक वर्षांत ती बंद झाली. जॉर्ज यांनी १९१८ मध्ये ऑस्कर मिशो या लेखकाकडे त्यांच्या कादंबरीचे हक्क मागितले होते; दिग्दर्शन आपणच करणार, असा मिशो यांचा आग्रह होता, बोलणी फिसकटली, आणि मिशो यांनी स्वतःची कंपनी काढून १९१९ मध्ये तो चित्रपट केला. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र चित्रपटांचा पुढचा मोठा प्रवाह तिथून निघाला.

आता सर्वांत दुःखाची गोष्ट. लिंकनच्या चित्रपटांपैकी आज ‘बाय राइट ऑफ बर्थ’चा काही मिनिटांचा तुकडाच शिल्लक आहे, आणि तो नोबल गेल्यानंतरचा. ज्या तीन चित्रपटांत ते आपल्याच समाजातला माणूस म्हणून, नायक म्हणून उभे राहिले, त्यांतला एकही आज पाहता येत नाही. जॉर्ज यांनी जन्मभर जपलेली कात्रणे, पत्रे आणि छायाचित्रे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हा इतिहास आपल्याला कळतो तो बराचसा त्यांच्यामुळे.

कृष्णधवल

दोघांचेही मनापासून आभार. ‘पडद्यामागे’ यांचा प्रतिसाद वाचून एक उपप्रश्न मनात आला आहे. लिंकन सोडल्यानंतर जॉन्सन यांनी आपला वंश लपवला, असे म्हणता येईल का? की स्टुडिओंनाच त्याची पर्वा नव्हती? आणि तांत्रिक अंगाने, गोऱ्या रशियन माणसाची भूमिका त्यांना कशी शोभली?

रंगपेटी

तांत्रिक भाग आधी घेतो. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तांबूस त्वचा तिच्यावर काळपट उमटे, त्यामुळे गोऱ्या नटांनाही चेहऱ्यावर रंगाचा जाड थर द्यावा लागत असे. याचा अर्थ असा की, पडद्यावर दिसणारी त्वचेची छटा ही त्या माणसाची नसून रंगभूषाकाराची आणि प्रकाशयोजनाकाराची असे. जॉन्सन यांचा मूळ वर्ण बराच उजळ होता. त्यावर गडद रंग दिला की ते नुबियन होत, मधला दिला की भारतीय राजपुत्र, फिकट रंग आणि दाढी लावली की कोसॅक. नंतर आलेली पँक्रोमॅटिक फिल्म सर्व रंगांना प्रतिसाद देणारी होती, तरी चित्र कृष्णधवलच राहिले आणि ही सोय टिकली. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘द मोस्ट डेंजरस गेम’ आणि ‘किंग काँग’ या दोन्ही चित्रपटांसाठी आरकेओ स्टुडिओत जंगलाचा एकच देखावा वापरला गेला. त्याच झाडीत जॉन्सन एका चित्रपटात गोरे झाले आणि दुसऱ्यात काळे.

आता वंश लपवण्याविषयी. माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. शिकागो डिफेंडरसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत त्यांचे नाव आपला माणूस म्हणून अभिमानाने छापले जात होते, आणि ज्या माणसाने स्वतःच्या समाजाची चित्रपट कंपनी काढून तिचे अध्यक्षपद भूषवले, त्याची ओळख उद्योगात कोणाला ठाऊक नव्हती हे संभवत नाही. युनिव्हर्सलची अटच मुळी ती ओळख जाहीर असल्यामुळे घातली गेली. स्टुडिओंना त्यांच्याविषयी आक्षेप नव्हता, तो त्यांच्या नायकपणाला होता. अमेरिकेबाहेरचा, परका, दूरच्या देशातला असा कोणताही माणूस त्यांनी रंगवावा. अमेरिकेत राहणारा शिकलेला कृष्णवर्णीय तेवढा रंगवू नये, असा तो अलिखित करार होता. काही अभ्यासक त्यांच्यावर तडजोडीचा ठपका ठेवतात. मला तो अन्यायाचा वाटतो. कंपनीचे भांडवल ज्या पगारातून येत होते तो पगारच तोडण्याची धमकी मिळाल्यावर त्यांच्यापुढे जे पर्याय होते, त्यांतला एकही धड नव्हता. आणि नोकर, हमाल, विनोदी गुलाम अशा ज्या साच्यात इतर कृष्णवर्णीय नटांना कोंबले जात होते, त्यातून ते निदान बऱ्याच अंशी निसटले.

पडद्यामागे

‘रंगपेटी’ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. नोकराच्या साच्यातून निसटून ते ‘रानटी माणसा’च्या साच्यात अडकले, आणि दुसरा साचा पहिल्याहून उदार होता असे मानायला मला कारण दिसत नाही. बस्टर कीटन यांच्या ‘द नॅव्हिगेटर’ (१९२४) मध्ये त्यांना नरभक्षकांचा प्रमुख केले आहे. ‘काँग’मधला प्रमुख त्याचाच भाऊ शोभेल. त्यांनी त्या भूमिकांना भारदस्तपणा दिला, हे त्यांचे कर्तृत्व आहे, भूमिकांचे नव्हे. उलट क्लॅरेन्स ब्रूक्स यांचे उदाहरण पाहा. जॉन फोर्ड यांच्या ‘ॲरोस्मिथ’ (१९३१) मध्ये त्यांना एका सुशिक्षित कृष्णवर्णीय डॉक्टरची भूमिका मिळाली आणि तीत चेष्टेचा लवलेशही नव्हता. भूमिका छोटी होती, पण अशी भूमिका लिहिता येत होती हे त्यावरून सिद्ध होते. जॉन्सन यांच्या वाट्याला ती एकदाही आली नाही, याची खंत आपण बाळगायलाच हवी. ठपका त्यांच्यावर नको, याबाबत मात्र आपले एकमत आहे.

मॅटिनी

चर्चा उत्तम चालली आहे. भारताशी असलेला एक धागा राहून गेला आहे, तेवढा जोडतो. दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ साली भारतभर फिरून साक्षी घेणाऱ्या चित्रपट चौकशी समितीच्या अहवालात, भारतात दाखवला गेलेला सर्वांत लोकप्रिय चित्रपट म्हणून ‘द थीफ ऑफ बगदाद’चाच उल्लेख आहे. म्हणजे मुंबईसह इथल्या असंख्य प्रेक्षकांनी मिझुरीत जन्मलेल्या या आफ्रिकन अमेरिकन नटाला भारताचा राजपुत्र म्हणून पाहिले आहे. त्याच चित्रपटात इराणचा राजपुत्र मातिल्ड कोमाँ या स्त्रीने रंगवला आहे, आणि मंगोल राजपुत्र सोजिन कामियामा या जपानी नटाने. तेव्हा तीनही राजपुत्र मूळचे त्या त्या देशांतले नव्हते. पुढे साबू या भारतीय नटाच्या ‘जंगल बुक’मध्ये (१९४२) जॉन्सन एका शीख माणसाच्या छोट्या भूमिकेत पुन्हा भारतीय झाले.

जुनी प्रत

‘कृष्णधवल’, तुम्हाला पुढे पाहायचे असेल तर माझी शिफारस अशी. आधी ‘द मोस्ट डेंजरस गेम’ पुन्हा पाहा, कारण तो तासाभराचाच आहे आणि इव्हान कोण आहे हे माहीत झाल्यावर किल्ल्याचे दार उघडण्याचा पहिलाच प्रसंग वेगळा दिसतो. त्यानंतर १९३० सालचा ‘मोबी डिक’ पाहा. त्यात त्यांना पडद्यावर वेळ बऱ्यापैकी मिळाला आहे. शेवटी जॉन फोर्ड यांचा ‘शी वोर अ यलो रिबन’ (१९४९) पाहा. त्यात रेड शर्ट नावाच्या मूळ रहिवासी सरदाराच्या भूमिकेत जॉन्सन आहेत, आणि बंदुकांच्या व्यापाऱ्याशी सौदा चाललेला असताना घासाघीस न करता ते त्याला बाणाने संपवतात. वयाची अडुसष्टी गाठलेल्या माणसाचा ताठ कणा आणि तोच स्थिर चेहरा तिथे आहे, आणि या वेळी तो चित्रपट रंगीत आहे.